मागाच्या शेडमध्ये सर्व्हर ठेवू नका

विचारा, सांगतो : वाचकांचे कॉम्प्युटरबद्दलचे प्रश्न

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. २४ माग आणि ऑफिसात पाच कॉम्प्युटर. टॅली दिवाणजींच्या कॉम्प्युटरवर, डिझाइनं डिझायनरकडं आणि पार्ट्यांच्या ऑर्डरी माझ्या लॅपटॉपवर. एकमेकांना फाईल द्यायची तर पेनड्राइव्ह, नाहीतर व्हॉट्सॲप. दिवाळीत डिझायनरची हार्ड डिस्क गेली आणि दोन वर्षांची डिझाइनं गेली. भाचा म्हणतो, मामा, विंडोजऐवजी लिनक्सचा सर्व्हर बसवू, फुकट असतो. आमचा कॉम्प्युटरवाला म्हणतो, त्याच्या नादी लागू नका, उद्या बंद पडला तर कोण बघणार? विंडोज ११ बसत नाही म्हणून बाजूला काढलेला एक कॉम्प्युटर पडून आहे. त्यावर होईल का? टॅली चालेल का? मी पुण्याला असलो तर तिथून बघता येईल का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : सर्व्हरचं, म्हणजे सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवून वाटणाऱ्या कॉम्प्युटरचं, नंतर बघू. आज ऑफिसला कुलूप लावायच्या आधी पाचही कॉम्प्युटरवरचं कामाचं सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क घरी न्या. कपाटात ठेवा, पोरांना टीव्हीला लावायला देऊ नका. नव्या पेठेतल्या माझ्या दुकानात आजवर अशा दोन डिस्क आल्यात, ज्यांवरचा हिशोब पुसून सिनेमे भरले होते.

आता तो जुना कॉम्प्युटर. चालेल, छान चालेल. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणाऱ्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळं सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट कॉम्प्युटर गावभर माळ्यावर जाऊन बसलेत. पाच जणांना फायली पुरवायला त्यातला कुठलाही बास होतो, ८ जीबी रॅम भरपूर झाली. आतली जुनी हार्ड डिस्क मात्र काढून टाका. सिस्टिमसाठी छोटी एसएसडी (चिपवरची वेगवान डिस्क) आणि डेटासाठी सारख्या आकाराच्या दोन नव्या डिस्क घ्या. पैसे तिथं घाला. हा कॉम्प्युटर ५० वॉट धरला तर चोवीस तास चालून महिन्याला ३६ युनिट खाईल, म्हणजे विजेची चिंता नको.

एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे ऑफिसातला नेटवर्कचा स्विच, सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी जिथं जुळतात तो डबा. तो १०० एमबीपीएसचा असेल तर सेकंदाला ११ एमबीच्या वर काही जात नाही. २ जीबीचं डिझाइनचं फोल्डर उघडायला तीन मिनिटं लागतील आणि डिझायनर म्हणेल, सर्व्हर स्लो आहे. गिगाबिटचा स्विच लावला की तेच काम वीस सेकंदांत होतं. त्याच्या जोडीला चांगली कॅट-सिक्स केबल घ्या. गोदाम लांब असेल तर एका तुकड्याची १०० मीटरची मर्यादा लक्षात ठेवा.

ठेवायचा कुठं, यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सोलापुरात सर्व्हर व्हायरसपेक्षा रुईनं जास्त मरतात. एका कारखान्यात मागाच्या शेडलाच प्लायवूडचं पार्टिशन घालून आत सर्व्हर ठेवला होता. आठ महिन्यांनी बोलावलं. तक्रार काय, तर 'लिनक्स रोज दुपारी हँग होतंय.' पत्रा उघडला. पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या जाळीवर तंतूंचा थर बसलेला. बोटानं उचलला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा अख्खा हातात आला, करडा, मागाच्या तेलाचा वास येणारा. मे महिना, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, शेडमध्ये त्याहून जास्त, आणि वारा जायला वाट नाही. प्रोसेसर तापून स्वतःच्या जिवासाठी बंद पडत होता. लिनक्सचा त्यात काही दोष नव्हता. तेव्हा सर्व्हर ऑफिसात ठेवा, जमिनीपासून दोन-अडीच फूट वर, शेडच्या दारासमोर नको. दर तीन महिन्यांनी बंद करून, पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा. पंखा न धरता मारला तर तो भिंगरीसारखा फिरून बेअरिंग जातं.

दुसऱ्या एका ठिकाणी जागा उत्तम होती, पण खंडेनवमीला मागांबरोबर सर्व्हरचीही पूजा झाली आणि कुंकू नेमकं जाळीवर वाहिलं. पूजा जरूर करा. बंद बाजूला करा, आणि झेंडूचा हार दुसऱ्या दिवशी आठवणीनं काढा.

यूपीएस लागतोच. इन्व्हर्टर आहे म्हणून भागवू नका, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर जायला जो क्षण लागतो तेवढ्यात सर्व्हर पडू शकतो. यूपीएस घेताना मागं यूएसबीचा डेटा पोर्ट आहे का बघा, स्वस्तातल्या पुष्कळ यूपीएसला तो नसतो. ती वायर सर्व्हरला जोडून 'नट' नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवला, की बॅटरी संपत आली असं कळताच सर्व्हर फायली नीट मिटून स्वतः बंद होतो. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'वीज आली की आपोआप चालू' हेही करून ठेवा, नाहीतर रविवारी वीज जाऊन आल्यावर सोमवारी सकाळी सगळे तुमची वाट बघत बसतील.

लिनक्स कोणतं? डेबियन, नाहीतर उबुंटू सर्व्हरची एलटीएस, म्हणजे बरीच वर्षं दुरुस्त्या मिळणारी, आवृत्ती. भाच्यानं तिसरं नाव काढलं तर त्याला विचारा, याला पाच वर्षं दुरुस्त्या कोण पुरवणार? उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत त्या मिळणार आहेत, तेही पैसे न देता. मी हे उगाच म्हणत नाही. सेंटओएस ८ हे लिनक्स २०२९ पर्यंत चालणार या भरवशावर मी तीन गिऱ्हाइकांकडं बसवलं होतं. मध्येच धोरण बदललं आणि ३१ डिसेंबर २०२१ ला त्याचा आधार संपला. तिन्हीकडं सगळी मांडामांड परत केली. पैसे कुठल्या तोंडानं मागणार?

फायली वाटून देण्याचं काम सांबा हा प्रोग्रॅम करतो. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियातल्या माणसानं तो नव्वदीच्या सुरुवातीला लिहायला घेतला. तुमच्या विंडोज कॉम्प्युटरांना सर्व्हर म्हणजे आणखी एक ड्राइव्ह दिसतो, पलीकडं लिनक्स आहे हे दिवाणजींना कधी कळणारही नाही. चारच फोल्डर करा : डिझाइन, ऑर्डरी, हिशोब आणि सगळ्यांचं. प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड द्या. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि वेगळा टाकावा लागतो, नवशिक्याचा पहिला दिवस यातच जातो. 'पासवर्ड कशाला, गेस्ट ठेवू' असं कुणी म्हणेल, तर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या अशा बिनपासवर्डच्या शेअरला मुळात हात लावत नाहीत.

आणि भाचा कुठंतरी वाचून सगळ्या फोल्डरांना ७७७ ही परवानगी देईल. म्हणजे कुणीही यावं, काहीही करावं. अडचण सुटते खरी, पण घराचं दार चौकटीसकट काढल्यासारखी. डिझाइनच्या फोल्डरला एक गट करा, डिझायनर आणि तुम्ही त्यात, आणि फोल्डरला २७७० द्या. पुढचा तो २ महत्त्वाचा. त्यामुळं आत तयार होणारी प्रत्येक नवी फाईल गटाच्या नावावर येते आणि 'मी केलेली फाईल मालकांना उघडत नाही' हे रडगाणं थांबतं. त्याबरोबर सांबातली 'रिसायकल' ही सोय चालू करा. नेटवर्कवरून उडवलेली फाईल विंडोजच्या कचरापेटीत जात नाही, थेट जाते. ही सोय असली की ती सर्व्हरवरच्या एका लपवलेल्या फोल्डरात पडून राहते. वर्षातून तीनदा तरी या फोल्डरानं माझी लाज राखली आहे.

दोन डिस्क घ्या म्हणालो त्या रेड-१ मध्ये लावायच्या, म्हणजे एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. पण याला बॅकअप समजू नका. एकच डिझाइन दोन मागांवर चढवलंय असं धरा. एक माग बंद पडला तर दुसऱ्यावर माल निघत राहील. पण डिझाइनच चुकीचं चढलं तर दोन्हीकडं चुकीचाच टॉवेल निघणार. कुणी फाईल उडवली, व्हायरसनं कुलूप घातलं, तर दोन्ही डिस्कवर एकदमच. बॅकअप वेगळा हवा.

बॅकअपबद्दल मला शहाणपण शिकवायचा हक्क किती, ते आधी सांगतो. २०१६ ची गोष्ट, चूक सर्वस्वी माझी. शाळेचे युनिफॉर्म शिवणारं एक छोटं युनिट. तिथं डेटाला एकच डिस्क होती आणि बॅकअपला दुसरी. रोज रात्री नऊला आरसिंक हे फायलींची प्रत काढणारं सॉफ्टवेअर चालायचं (हेही ट्रिजेलचंच काम). मी त्याला 'डिलीट'चा पर्याय लावला होता, म्हणजे इकडं जी फाईल नाही ती तिकडूनही काढायची, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. एका संध्याकाळी वीज दोन-तीनदा आली-गेली. सर्व्हर उठला, पण डेटाची डिस्क उठली नाही, ती मेली होती. एखादी डिस्क नसली तरी सर्व्हर अडू नये म्हणून मीच 'नोफेल' असं लिहून ठेवलेलं. त्यामुळं तो अडला नाही. डिस्क जिथं जोडली जायची ते फोल्डर रिकामं राहिलं. नऊ वाजता आरसिंकनं तिथं डोकावलं, काही दिसलं नाही, आणि सांगितल्याप्रमाणं बॅकअपची बाजूही तशीच रिकामी केली.

सकाळी मालकांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "घाबरू नका, बॅकअप आहे." मग तिथं जाऊन बघितलं.

दिवाणजींच्या खणात मार्चअखेरचा एक पेनड्राइव्ह सापडला. एप्रिल ते जुलैची सगळी बिलं त्यांनी कागदावरून परत चढवली. सोळा दिवस लागले. मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्याशेजारी बिलं वाचून दाखवायला बसायचो. त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही, उलट चहा मागवायचे. शिव्या दिल्या असत्या तर चहा घशाखाली उतरला असता.

त्यानंतर मी असं करतो. डेटाच्या डिस्कवर एक रिकामी फाईल ठेवतो, तिचं नाव 'मी आहे'. बॅकअप सुरू व्हायच्या आधी ती दिसली पाहिजे. नाही दिसली तर काम थांबतं आणि मला ईमेल येतो. दुसरं म्हणजे एकच आरसा न ठेवता तारखेवार प्रती ठेवतो. आरस्नॅपशॉट हे काम करतो. न बदललेल्या फायली तो परत लिहीत नाही, जुन्या प्रतीलाच नव्या तारखेचं नाव जोडतो, म्हणून तीस दिवसांच्या तीस प्रती ठेवूनही जागा थोडीच जाते. एखाद्या रात्री सगळं रिकामं दिसलं तरी आदल्या रात्रीची प्रत शाबूत. ही बॅकअपची डिस्क सांबातून कुणालाही दाखवायची नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस आला तेव्हा फायलींना कुलूप लागलं, आणि ज्यांची बॅकअपची डिस्क ड्राइव्ह म्हणून जोडलेलीच होती त्यांना ती वाचवायला वेळच नव्हता.

तिसरी प्रत कारखान्याबाहेर. दोन छोट्या डिस्क घ्या, एक सर्व्हरला, एक घरी. आठवड्याचा पगार वाटता त्याच दिवशी अदलाबदल करा म्हणजे विसरणार नाही. वर्षअखेरीची एक प्रत तर जपूनच ठेवा. जीएसटीच्या नियमानं हिशोबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. आणि महिन्यातून एकदा दिवाणजींनी मनात येईल ती फाईल सांगायची, भाच्यानं ती बॅकअपमधून काढून समोर उघडून दाखवायची. उघडली नाही तर तुमच्याकडं बॅकअप नाही, एक डिस्क आहे.

टॅली विंडोजवरच चालते. तिचा डेटा सांबावर ठेवता येतो, पण चार जण एकदम बसले की मला त्यात रखडपट्टीच दिसली. टॅली दिवाणजींच्या कॉम्प्युटरवरच राहू द्या. रात्री ती बंद केल्यावर तिचा डेटा सर्व्हरवर येऊ द्या. चालू असताना कॉपी करू नका, अर्धवट प्रत निघते.

पुण्याहून बघता येईल, पण राउटरमध्ये पोर्ट उघडून नाही. एसएसएचचं (लांबून सर्व्हर चालवायच्या सोयीचं) २२ नंबरचं दार इंटरनेटला उघडं ठेवून एक रात्र झोपा आणि सकाळी लॉग वाचा, जगभरातून लोक 'रूट', 'ॲडमिन' अशा नावांनी कडी वाजवून गेलेले दिसतील. वायरगार्ड वापरा, तो इंटरनेटवरून फक्त तुमच्यापुरती कुलूपबंद वाट करून देतो. आधी राउटरवर बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर तुमच्या इंटरनेटवाल्यानं पुष्कळ गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागं बसवलंय आणि बाहेरून थेट आत येता येणार नाही. त्याच्याकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आणि फक्त तुमचा, आयपी मागून घ्या.

उरला तुमच्या कॉम्प्युटरवाल्याचा प्रश्न, कोण बघणार? त्याचं चुकलेलं नाही. भाचा उद्या नोकरीला बेंगळुरूला जाईल. म्हणून त्याच्याकडून मराठीत दोन पानं लिहून घ्या : सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड, कुठली डिस्क कशाची, बॅकअप कुठं पडतो, परत कसा काढायचा. डिस्कांवर मार्करनं नंबर घाला. ती पानं पाकिटात घालून तिजोरीत. मग एक दिवस भाच्याला घरी बसवा आणि त्या दोन पानांवरून कॉम्प्युटरवाल्याला एक फाईल परत आणायला सांगा. तो जिथं अडेल तिथं पान अपुरं आहे.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकते. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, हिशोब लॅपटॉपवर एक्सेलमध्ये. मुलगा म्हणतो, आई, आपण पण सर्व्हर घेऊ. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, घेऊ नका. एका लॅपटॉपला सर्व्हर कशाला? दोन पेनड्राइव्ह आणा, एक सम तारखेचा, एक विषम तारखेचा, रात्री फाईल त्यावर टाका. व्हॉट्सॲपचा बॅकअप चालू आहे का तेवढं सेटिंगमध्ये बघा, तुमच्या गिऱ्हाइकांची खरी वही ती आहे. मुलाला शिकायचंच असेल तर त्याला लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) डेबियन टाकू द्या, मोडलं तरी चटणीचा हिशोब शाबूत राहील.

प्रश्न : आमच्याकडं चादरीच्या डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालतं. सॉफ्टवेअर देणारा आता धंद्यात नाही. नवा सांबा सर्व्हर बसवला तर एक्सपीला तो दिसतच नाही. बसवणारा म्हणतो, सर्व्हरमध्ये एक ओळ बदलली की दिसेल. बदलू का? — एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : नका बदलू. एक्सपीला एसएमबीची (कॉम्प्युटरांनी एकमेकांना फायली द्यायच्या बोलीची) पहिली आवृत्तीच बोलता येते आणि सांबानं ती २०१९ पासून मुळातच बंद ठेवलीय. वॉनाक्राय विंडोजमध्ये शिरला तो याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. सर्व्हरवर ती चालू केली की एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरसाठी सगळ्या ऑफिसला जुन्या, कच्च्या बोलीची वाट उघडी राहते. एक्सपीवाल्याची नेटवर्कची वायर काढून टाका. डिझाइन पेनड्राइव्हनं न्या-आणा, दिवसातून दोनदा चालायचं आहे, बिघडत नाही. आणि त्या एक्सपीच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत या आठवड्यातच क्लोनझिला या प्रोग्रॅमनं काढून घ्या. सॉफ्टवेअरला डाँगल (कॉम्प्युटरला लावायची परवान्याची किल्ली) असेल तर तो टेबलाच्या कडेला बाहेर लोंबत ठेवू नका. मागच्या वर्षी एकाचा डाँगल झाडूवालीच्या झाडूत अडकून मोडला, आणि त्याची दुसरी प्रत कुठंच मिळाली नाही.